हैबती उत्तरकथा आणायला जातो

करंजगावात एक भोळा माणूस राहत होता. तसे त्या गावात भोळे बरेच होते, पण ते आपापल्या सोयीनं भोळे होते. पाटलाला कामाच्या वेळी ऐकू यायचं नाही. पुजाऱ्याला प्रसाद वाटताना माणसं दिसायची नाहीत. हा मात्र बारा महिने, सकाळ-संध्याकाळ भोळा होता.

त्याचं नाव हैबती. नाव ऐकून माणसानं दचकावं आणि समोर बघून हसावं, असा प्रकार. त्याला आईबाप नव्हते. सगुणाआत्यानं त्याला लहानाचा मोठा केला. आत्या जिभेची तिखट होती. उठल्यापासून ती हैबतीला शिव्या द्यायची आणि ताटात तूप मात्र त्याच्याच जास्त वाढायची.

हैबतीचा एकच नेम होता. सांगतील ते करायचं, आणि सांगतील तसं करायचं. आत्या म्हणाली, "दुधावर नजर ठेव," की तो चुलीपुढं बसून नजर ठेवायचा. दूध उतू जायचं, चूल विझायची, घरभर धूर व्हायचा, तरी याची नजर दुधावर. नजर काढून घे, असं आत्यानं सांगितलेलं नसायचं.

त्या वर्षी चैत्रात गावात एक कथेकरी बुवा आले. अनंतबुवा सावरगावकर. ते रोज दुपारी रामाच्या देवळात पोथी उघडून कथा सांगायचे. जेवणं उरकली की गावातल्या सगळ्या बायका देवळात. बुवांना एक कला साधलेली होती. ऐकणाऱ्याचा श्वास घशात अडकला की ते नेमकी तिथंच पोथी मिटायचे. मग दुसऱ्या दिवशी नारळ जास्त यायचे.

तर त्या दिवशी कथा अशी चालली होती. केतकी नावाच्या राणीला तिच्या थोरल्या सवतीनं लाकडी पेटीत कोंडून नदीत सोडून दिलं. पेटी वाहत वाहत एका डोहात आली. राणीनं झाकण ढकललं, डोकं बाहेर काढलं. समोर मगर! मगरीनं हा एवढा जबडा उघडला. बुवांनी आपलाही उघडून दाखवला. त्यांची कुठली दाढ किडली आहे ते पुढच्या रांगेतल्या बायकांना दिसलं.

"आणि..." बुवा म्हणाले. आणि त्यांनी पोथी मिटली. "इथवर पूर्वकथा झाली. उत्तरकथा उद्या. बोला, सियावर रामचंद्र की जय!"

बायका जय म्हणाल्या, पण मनातून म्हणाल्या नाहीत.

सगुणाआत्या देवळाच्या पायऱ्या उतरू लागली. डोळ्यांपुढं मगर होती, त्यामुळं शेवटची पायरी दिसली नाही. पाय मुरगळला, सुजून भोपळा झाला. दोघी-तिघींनी धरून तिला घरी आणलं. दुखण्यानं ती इतकी चिडली की सगळ्यांसमोर बोलून गेली, "त्या राणीचं काय झालं ते कळेपर्यंत मी अन्नाला शिवायची नाही!"

बोलताना कळ मोठी होती. संध्याकाळी कळ कमी झाली आणि भूक लागली. पण आता सगळ्या आळीनं ऐकलेलं होतं. शेजारची बायजा तर मुद्दाम येऊन चुलीकडे डोकावून गेली. आत्या नुसत्या ताकावर राहिली. ताक हे काही अन्न नव्हे, असं तिचं तिनंच ठरवलं.

आत्या जेवत नाही म्हणून हैबतीलाही घास गोड लागेना. तो जेवायचा, पण गोड लागायचं नाही.

सकाळ झाली. दुपारपर्यंत थांबायचा आत्याला दम नव्हता. ती म्हणाली, "हैबती, जा आणि उत्तरकथा घेऊन ये."

"उत्तरकथा म्हणजे काय गं आत्या?"

"शहाण्या, नावातच आहे की! नीघ."

हैबतीनं नावाचा विचार केला. उत्तर कुठं असते ते त्याला ठाऊक होतं. उगवतीकडे तोंड केलं की डाव्या हाताला. देवळात बुवा होते, पण देऊळ पडलं दक्षिणेला. तिथं उत्तरकथा कशी असेल? तो उत्तरेला निघाला.

उत्तरेला माळ होता. माळावर गणोबा म्हातारा शेरडं चारत होता.

"गणोबा, इथं कथा आहे का?"

गणोबाला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. "आहे की पोरा. बस. उभा जन्म मी लेकरासाठी खपलो. आता सून ताकसुद्धा देत नाही. मागितलं तर म्हणते, कुत्र्याला घातलं."

हैबतीला वाईट वाटलं. पण त्याला महत्त्वाचं विचारायचं होतं. "यात मगर कुठंय?"

"तीच की. सून."

"जबडा उघडते?"

"उजाडताच उघडते, ते दिवे लागेपर्यंत मिटत नाही."

हैबती धावत घरी आला. आत्या ताकाचा पेला तोंडाला लावत होती.

"आत्या, आणली! मगर म्हणजे सून आहे. जबडा दिवे लागेपर्यंत मिटत नाही. आणि ती ताक देत नाही."

"कुणाची सून?"

"गणोबाची."

"अरे, राणीच्या गोष्टीत गणोबा कुठून तडमडला?"

"उत्तरेला तोच होता."

आत्यानं पेला खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. "मेल्या, उत्तर म्हणजे दिशा नव्हे. उत्तर म्हणजे..." तिलाही नक्की माहीत नव्हतं. पण तसं कबूल करायचा तिचा स्वभाव नव्हता. "उत्तर म्हणजे जबाब! कुणी काही विचारलं की द्यायचा तो. कळलं? आता दुपारी देवळात जा. पुढं बस. उत्तर ऐकल्याशिवाय उठू नको."

हैबतीला कळलं. विचारलं की द्यायचं.

दुपारी तो देवळात अगदी पुढं जाऊन बसला. बुवांनी पोथी उघडली, डोळे मिटले आणि आवाज लावला. "श्रोतेहो, हा संसार म्हणजे तरी काय?"

सगळे गप्प. हैबतीनं इकडं तिकडं पाहिलं. कुणीच उत्तर देईना. बुवा बिचारे विचारून बसले होते.

"कटकट," हैबती म्हणाला. "आत्या म्हणते."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. बुवांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "बरं, हा देह म्हणजे काय?"

"पाय मुरगळला की कळतं."

"मरताना..." बुवांचा आवाज चढला, "मरताना माणूस बरोबर काय घेऊन जातो?"

"मडकं. पण ते दुसऱ्यानं धरायचं असतं, पुढं चालून."

बायकांनी तोंडाला पदर लावले. बुवा लाल झाले. त्यांनी थेट मगरीवरच यायचं ठरवलं. "त्या अथांग डोहात, त्या अबलेला आता वाली कोण?"

"पाटील," हैबती म्हणाला.

मग देवळात जे हसू उसळलं त्यानं सभामंडपातली कबुतरं उडाली. पाटील खांबाला टेकून डुलक्या घेत होते, ते दचकून "काय? काय?" करू लागले. बुवांनी फाडकन पोथी मिटली.

"मूर्खा! कथेत उत्तर द्यायचं नसतं! ओठ शिवून बसायचं! कुणी काही विचारलं तरी ब्र काढायचा नाही!" आणि ते उठून ओवरीत निघून गेले.

हैबतीला ते पटलं. ओठ शिवायला सुईदोरा कुणाकडे आहे का, असं त्यानं विचारलंही असतं. पण आता बोलायची बंदी होती. त्यानं दातांत ओठ दाबून धरले आणि घरी आला.

आत्या उंबऱ्याकडे डोळे लावून होती. "काय झालं रे राणीचं?"

हैबती गप्प.

"अरे, सांग की! मगरीनं गिळली?"

गप्प. ओठ दाबून दाबून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आत्यानं ते पाणी पाहिलं.

"गिळली! अगं बाई, गिळली!" आत्यानं गळा काढला. तो ऐकून बायजा धावत आली. तिनं देवळातला सगळा प्रकार सांगितला. राणी अजून होती तिथंच होती. आत्यानं डोळे पुसले आणि हातातला पेला हैबतीला फेकून मारला. तो लागला, तरी हैबती ब्र बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी एकादशी. आत्यानं हैबतीच्या हातात नारळ दिला. "बुवांच्या पाया पड. चुकलो म्हण. आणि हात जोडून सांग, एवढी आजची कथा पुरी करा."

हैबतीनं मान हलवली आणि निघाला. वाटेत पाटलाचा वाडा. पाटलीणबाईंनी अंगणात खाटेवर धोतर पसरून कुरडया वाळत घातल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या. एक गाय खाटेशी उभी राहून त्या खात होती. सावकाश, चवीनं, एका कडेनं. हैबती बघत उभा राहिला. गाय चांगली खात होती.

पाटलीणबाई आतून ओरडल्या, "कोण आहे रे अंगणात? कशाचा आवाज येतोय?"

हैबती गप्प.

"अरे कुणी आहे का? कुरडयांना कावळा तर नाही ना लागला?"

कावळा नव्हताच. हैबती गप्प. गाय दुसऱ्या कडेला वळली.

पाटलीणबाई बाहेर आल्या तेव्हा खाटेवर नुसतं धोतर उरलं होतं आणि गाय त्याचंही टोक चघळून बघत होती. पाटलीणबाईंनी आधी गायीला बडवलं, मग हैबतीकडे वळल्या.

"डोळ्यांदेखत खाल्लं गुरानं आणि तू मख्खासारखा उभा? जिभेला लकवा झाला काय तुझ्या? अरे, कुणी खाताना दिसलं की बोंब मारायची! गाव गोळा करायचं!"

हे हैबतीला फार बरं वाटलं. ओठ दुखायला लागले होते. त्यानं मोठा श्वास सोडला, "बरं," म्हणाला आणि देवळाकडे गेला.

देवळात शुकशुकाट होता. ओवरीचं दार लोटलेलं होतं. हैबतीनं ते ढकललं. बुवा भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसले होते. मांडीवर पितळी. पितळीत कांद्याचं थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. बुवांचा गाल फुगलेला होता.

कुणीतरी खात होतं. आणि ते दिसलं होतं.

हैबती देवळाच्या पायरीवर आला आणि त्यानं बोंब ठोकली. "धावा! धावा हो धावा! बुवा थालीपीठ खातायत! कांद्याचं!"

'धावा' तेवढं सगळ्यांना ऐकू आलं. कुणाला वाटलं आग, कुणाला वाटलं चोर. कुणी घागर घेऊन आला, कुणी काठी. पाटील एका पायात जोडा घालून आले. सगळे ओवरीच्या दारात दाटले. बुवा तसेच बसले होते. गिळावं की थुंकावं, हे त्यांचं ठरत नव्हतं. शेवटी त्यांनी गिळलं.

"हे उपासाचं आहे," बुवा म्हणाले.

"आणि कांदा?" बायजानं विचारलं.

बुवांनी थोडा विचार केला. "कांदाही उपासाचाच आहे."

थालीपीठ कुणी दिलं होतं ते कुणी विचारलं नाही. पाटलीणबाई मात्र लगेच घरी गेल्या, घरी फार काम पडलं होतं.

बुवांनी पोथी फडक्यात बांधली, पडशी खांद्याला अडकवली. "या गावात माणसं नाहीत, नुसती तोंडं आहेत!" असं म्हणून ते तरातरा उत्तरेला चालू लागले. हैबतीनं हे घरी जाऊन आत्याला मोठ्या आनंदानं सांगितलं. "आत्या, मी म्हटलं नव्हतं? गेली बघ उत्तरकथा उत्तरेला!"

त्याला वाटलं, आत्या आता शिव्या देईल. आत्या काही बोललीच नाही. नुसती भिंतीकडे कूस वळवून पडून राहिली. तिचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. हात उचलला तर बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

"आत्या, शिवी दे की."

"त्राण नाही रे बाबा."

हैबती घाबरला. आजवर त्यानं पुष्कळ शिव्या खाल्ल्या होत्या, पण शिवी मिळाली नाही असं कधी झालं नव्हतं. तो दारात बसला. अंगणातून जाता-येता बायका त्याच्याकडे बघून म्हणत होत्या, "राणीला मगरीच्या तोंडात टाकून बुवा गेले, ते या टोणग्यापायी!" सगळे तेच म्हणत होते. बुवा गेले. बुवा गेले.

हैबतीनं ठरवलं, आता पाय उचलायच्या आधी शब्द शिकायचा. तो उठून शाळेत नरहर पंतोजींकडे गेला.

"पंतोजी, उत्तरकथा म्हणजे काय?"

पंतोजी उभे राहिले. इतकी वर्षं ते गावात शिकवत होते, पण शब्दाचा अर्थ आपण होऊन विचारायला कुणी आलं नव्हतं. त्यांनी हैबतीला स्वतःच्या बैठकीवर बसवलं.

"हैबती, फार मोठा प्रश्न विचारलास. मुळात 'उत्' म्हणजे वर. त्याहून वर ते उत्तर. आता बघ, भिंत बांधताना खालचा थर आधी, वरचा मागाहून. म्हणून जे मागाहून येतं तेही उत्तर. हिमालय उंच, वर, म्हणून त्या दिशेला उत्तर म्हणतात. प्रश्न आधी, जबाब मागाहून, म्हणून जबाबालाही उत्तर म्हणतात."

"म्हणजे मी दोन्ही वेळा बरोबर होतो?"

"शब्द बरोबर होता. तू चुकीच्या ठिकाणी होतास. अंगावर वरून घेतात ते उत्तरीय. माणूस गेला की त्याच्या मागं करतात ते उत्तरकार्य. तशी पहिली कथा झाल्यावर मागाहून येते ती उत्तरकथा. आलं ध्यानात?"

एवढ्यातलं एक हैबतीच्या चांगलं ध्यानात आलं. "माणूस गेला की उत्तर?"

"हो. गेल्यावरच. आधी नाही."

हैबतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याची आई गेली होती, बाप गेला होता, तेव्हा आत्यानं काय काय केलं ते त्याला आठवत होतं. आणि बुवा गेले, हे तर सगळा गाव सांगत होता. उत्तर अडलं होतं ते एवढ्यासाठीच. ते कुणी केलंच नव्हतं!

"पंतोजी, ते करायला काय लागतं?"

पंतोजी रंगात आले होते. "घरच्यांना कळवायचं. डोकं भादरायचं. गोडाचं जेवण करायचं आणि पोथी वाचणारा एखादा सज्जन पाटावर बसवून त्याला पोटभर वाढायचं. कावळ्याला घास ठेवायचा. कावळा शिवला की गेलेला सुटला."

हैबतीनं पंतोजींचे पाय धरले. तिथून तो पाटलीणबाईंकडे गेला. "पंतोजींनी सांगितलंय. बुवांचं जेवण घालायचं. मग उत्तर होतं."

"बुवांचं जेवण?" पाटलीणबाईंचा चेहरा उजळला. थालीपिठापासून त्यांना चैन नव्हतं. "घालू की! चांगलं देवळाच्या अंगणात घालू. मी लाडू वळते. गाव मदतीला येईल. तू फक्त माणूस घेऊन ये."

माणूस आणायचा होताच. हैबती उत्तरेच्या वाटेला लागला. वाटेत सावरगावची बैलगाडी भेटली. बुवांचं घर सावरगावात. हैबतीनं गाडीवानाला निरोप दिला, "अनंतबुवा गेले. उद्या दुपारी आमच्या देवळात उत्तरकार्य आहे. घरच्यांना म्हणावं, या."

गाडीवानानं हळहळून बैलांना चाबूक मारला.

पुढच्या वाडीत पोचल्यावर हैबतीनं पोथी वाचणारा माणूस शोधला. वाडीत एकच होता. तो पारावर बसून कोरडे चुरमुरे खात होता. अनंतबुवाच ते. हैबतीला पाहून ते पडशी उचलून पळायच्या बेतात होते, पण हैबतीनं हात जोडले.

"बुवा, उद्या दुपारी जेवायला चला. उत्तरकार्य आहे. लाडू आहेत."

बुवांनी पडशी खाली ठेवली. "अरेरे. घरातलं कुणी?"

"नाही. बाहेरगावचे होते."

"वय काय होतं?"

हैबतीनं बुवांकडे नीट पाहिलं. "तुमच्याएवढं."

"एवढ्यात गेले! कशानं?"

"खाण्यानं."

"पोटाचं दुखणं वाईट," बुवा म्हणाले. "माणूस सज्जन होता?"

"लोक म्हणतात, लबाड होता."

"गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये रे," बुवांनी त्याला समजावलं. "लाडू बुंदीचे की बेसनाचे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबतीनं डोकं आणि मिशा भादरून घेतल्या. लोक म्हणाले, पोराला पश्चात्ताप झाला. देवळाच्या अंगणात चुली पेटल्या. बुवा आले तेव्हा सगळ्यांनी एकादशी विसरून त्यांना नमस्कार केला. त्यांना पाटावर बसवलं, पान वाढलं. भात, वरण, वांग्याची भाजी, बेसनाचे लाडू. बुवांनी गंभीर चेहरा केला, मेलेल्याला सद्गती मिळो म्हणून पुटपुटले आणि पहिला लाडू उचलला.

तेवढ्यात चौघांनी खांद्यावरून एक खाट आणली. खाटेवर डोक्यापर्यंत पांघरूण. सगुणाआत्याला ऊन सोसत नव्हतं, म्हणून तिनं ते तोंडावर ओढून घेतलं होतं. बुवांचा हात थांबला. एकाच दिवशी दोन! गावात साथ तर नाही ना आली? ते हात जोडून उभे राहणार, एवढ्यात खाट खाली टेकली आणि पांघरूण उठून बसलं.

"बुवा, मगरीनं काय केलं?"

बुवांच्या हातातला लाडू वरणात पडला. ते इतके घाबरले की पोथी नाही, आवाज लावणं नाही, एका दमात खरं तेच बोलून गेले. "जांभई दिली!"

"काय दिली?"

"जांभई. मगर पेंगुळली होती. जांभई देऊन तोंड मिटलं आणि झोपली. पेटी काठाला लागली. राणी उतरून माहेरी गेली. संपली उत्तरकथा."

आत्याच्या नाकपुड्या फुलल्या.

"जांभई! त्या मुडदूस मगरीला झोप आली म्हणून मी ताकावर दिवस काढले? पाय मोडून घेतला? मेल्या कथेकऱ्या, तुझ्या जिभेला..." आणि तिनं बुवांना ज्या शिव्या दिल्या, तसल्या हैबतीनंही कधी ऐकल्या नव्हत्या. ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला. आत्या बरी झाली होती. आत्यानं स्वतःच्या हातानं पान ओढलं आणि जेवायला सुरुवात केली. बायकांनी डोळे टिपले. सगळ्यांची पानं मांडली गेली. बुवाही खाली बसले. वरणातला लाडू फुकट घालवणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

हैबती आपला घास केव्हाच भिंतीवर ठेवून आला होता. तो तुकतुकीत डोक्यानं धावत आला. "बुवा, कावळा शिवला! पहिल्याच घासाला शिवला! सुटलात!"

"कोण सुटलं?"

"तुम्ही. तुमचं उत्तरकार्य आहे ना."

बुवांनी घास तोंडाजवळ धरून विचारलं, "म्हणजे बाहेरगावचे... माझ्याएवढे... खाण्यानं गेले ते..."

"तुम्हीच," हैबती म्हणाला.

आणि त्याच वेळी सावरगावची गाडी देवळापुढं उभी राहिली. गाडीतून बुवांची बायको उतरली, तिच्या मागं तिचे दोन भाऊ. बाई ऊर बडवत, हंबरडा फोडत अंगणात आली. "कसे हो सोडून गेलात! कुठं ठेवलंय हो त्यांना!" लोक बाजूला झाले. समोर पाटावर बुवा. गालात लाडू.

बाईचा हंबरडा मध्येच थांबला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं.

"मेले तरी खाणं सुटलं नाही ना!" बाई म्हणाली.

मग एकच कल्लोळ झाला. बाईचे भाऊ हैबतीला धरायला धावले. बायका त्यांना आडव्या आल्या. पाटील हैबतीचा कान पिरगाळून ओरडले, "अरे टोणग्या, बुवा गेले म्हणजे मेले नव्हेत! ते या वाटेनं गेले होते, आणि आता परत आलेत! आले! डोळ्यांनी दिसत नाही तुला? आले!"

"आले?"

"आले!"

हैबतीनं कान सोडवून घेतला. त्याला फार वाईट वाटलं. म्हणजे सगळंच उलटं झालं होतं. बुवा आले होते, आणि आपण गेलेल्याचं करून बसलो. पण चूक झाली तर ती दुरुस्त करायची, इतकं त्याला कळत होतं. पंतोजी पंगतीच्या टोकाला शांतपणे भाजी कालवत बसले होते. हैबती त्यांच्यापाशी उकिडवा बसला.

"पंतोजी, माणूस गेला की उत्तरकार्य. मग माणूस आला की काय करतात?"

पंतोजींना पुन्हा भरून आलं. दोन दिवसांत दोन प्रश्न! "वा, हैबती! माणूस येतो तो जन्माला. आला की बाराव्या दिवशी बारसं करायचं. घुगऱ्या वाटायच्या, पाळण्यात घालायचं आणि आत्यानं कानात कुर्रर्र करून नाव ठेवायचं."

आत्या तर घरचीच होती. हैबती उठला आणि पळाला.

इकडे अंगणात हळूहळू सगळं निवलं. बुवांच्या बायकोलाही पान वाढलं. तिनं एक लाडू खाल्ला, मग दुसरा. तिचे भाऊ हात धुऊन बसले. बुवांनी कमरेची गाठ सैल केली आणि डोळे मिटून, आज प्रथमच निवांत, ढेकर दिला.

डोळे उघडले तेव्हा हैबती पुढं उभा होता. घामानं निथळत. त्याच्या डोक्यावर पाटलीणबाईंच्या घरचा पाळणा होता, घुंगरांसकट. त्यातलं पोर त्यानं अलगद उचलून सुपात निजवलं होतं. त्यानं पाळणा बुवांच्या पानापुढं टेकवला, दोन्ही हात बुवांच्या बगलेत घातले आणि प्रेमानं म्हणाला,

"बुवा, पाय दुमडून घ्या. पाळणा लहान आहे."